चिखलाखालची सूज

डॉक्टरांनी माझ्या नडगीवर अंगठा दाबला. थोडा वेळ दाबून ठेवला. मग उचलला आणि म्हणाले, "देखो, गड्ढा."

शिकाऊ पोरंपोरी खाटेवर वाकली. माझी साडी गुडघ्यापर्यंत वर होती. ती मी वर केली नव्हती. नडगीवर खरंच खड्डा पडला होता आणि तो भरून येत नव्हता. एका पोरीनं स्वतःचा अंगठा लावून पाहिला. मग एका पोरानं. मग आणखी एकानं. कुणी मला विचारलं नाही. माझ्या तोंडाकडं कुणी बघितलंही नाही. पाय माझे होते, पण त्या वेळी ते शाळेतल्या फळ्यासारखे झाले होते. ज्याला वाटेल त्यानं यावं आणि खूण करून जावं.

"क्या खाती है?" डॉक्टरांनी विचारलं. मला नाही, माझ्या मायला. माय खाटेच्या पायथ्याशी फरशीवर बसली होती. ती हात जोडून उभी राहिली.

"भात, साहेब. पेज. भाजी गवसली त भाजी."

"दाल?"

"कवा कवा."

डॉक्टर पोरांकडं वळले. "सुन लिया? पेशाब से प्रोटीन जा रहा है और महारानी पेज पी रही है." पोरं हसली. मग ते मराठीत बोलले, बहुतेक आम्हाला नीट कळावं म्हणून. "ही माणसं अशीच. खायची अक्कल नाही, वेळेवर तपासायला यायची अक्कल नाही. पोरं काढायची तेवढी अक्कल आहे."

मला सातवा महिना होता. डोकं फुटत होतं. डोळ्यांपुढं काजवे चमकत होते. आणि पोटातलं लेकरू सकाळपासून हललं नव्हतं. मला तेवढंच सांगायचं होतं. साहेब, हे हलत नाही, बघा. पण माझ्या तोंडून शब्द फुटला नाही. पायांची लाज वाटली. पेजेची लाज वाटली. मायच्या जोडलेल्या हातांची तर इतकी लाज वाटली की मी तोंड फिरवलं. साडी खाली ओढली. डॉक्टर पुढच्या खाटेकडं गेले आणि पोरं त्यांच्या मागून गेली.

हा गोंदियातला एक मोठा दवाखाना. नाव लिहीत नाही. नाव लिहिलं तर ही त्या एका दवाखान्याची गोष्ट होईल, आणि बाकीचे सगळे सुटतील. साल दोन हजारनंतरचं. आमच्या गावात अजून मोबाईल आला नव्हता.

आमचं गाव अर्जुनी मोरगाव तालुक्यात, तळ्याच्या पाळीखाली. बौद्ध मोहल्ला गावाच्या खालच्या अंगाला, जिथं पावसाळ्यात सगळ्या गावाचं पाणी येतं. माझी माय सुईण होती. गावातली निम्मी पोरं तिच्या हातावर जन्मली. वरच्या मोहल्ल्यातल्या पाटलाच्या घरची तर सगळीच.

लहानपणी मी तिच्यासोबत जायची. पाटलाच्या घरी आम्ही मागच्या दारानं शिरायचो. पाटलीणबाई कळा यायला लागल्या की मायचा हात इतका घट्ट धरायची की नखं रुतायची. "सोडू नको व, सोडू नको," म्हणायची. माय सोडायची नाही. मग लेकरू यायचं. मग वार पडायची. वार म्हणजे लेकरू ज्याच्यावर आत पोसतं ती. ताज्या वारेला जड, ओला वास असतो. माय ती मडक्यात घ्यायची आणि मडकं माझ्या हाती द्यायची. न्हाणीच्या बाजूला खड्डा करून ती पुरायची, वर दगड ठेवायचा. त्या दगडावर बसून बाळंतिणीनं आंघोळ करायची. हे काम दुसऱ्या कुणी करायचं नाही. ते आमचंच काम.

खड्डा बुजवून झाला की मी पाणी मागायची. पाटलीणबाईची सासू वरून ओंजळीत ओतायची. आणि आम्ही दाराबाहेर पडलो की जिथं माय बसली होती तिथं गोमूत्र शिंपडायची. मी मागं वळून पाहायची. ज्या हाताला नखं रुतवली त्याच हाताचा विटाळ घालवायला हे शिंपडणं. मायला एकदा विचारलं, "काऊन शिंपडते व ते?"

माय म्हणाली, "त्याहिची रीत हाय. तू पुढं पाह्यून चाल."

मी बरीच वर्षं पुढं पाहूनच चालले.

आठवी झाल्यावर शाळा सुटली. लग्न झालं. नवरा गोंदियाला राइस मिलमध्ये हमाली करायचा, तिथंच झोपायचा, सुट्टी मिळाली की यायचा. मी मायजवळच राहायची. पहिल्यांदा दिवस गेले तेव्हा मला वाटलं, आपली माय सुईण आहे, आपल्याला कसली भीती.

पोट सहा महिन्यांचं झालं आणि रोवणी, म्हणजे धानाची लावणी, लागली. आमच्याकडं रोवणीत कुणी घरी बसत नाही. पोटुशी असो की ओली बाळंतीण. पाटलाच्या बांधीत, धानाच्या शेतात, सकाळी उतरायचं, वाकायचं, पऱ्हे म्हणजे धानाची रोपं लावत लावत मागं सरकायचं. दिवसभर पाय चिखलात. संध्याकाळी शेताच्या धुऱ्यावर, बांधावर चढलं की पाय कुणाचेच पाय वाटत नाहीत. बोटांच्या बेचक्यांत चिखल्या, कातडी पांढरी, पाय सुजलेले. सगळ्या बायांचे. पाय सुजले म्हणून रोवणीत कुणी कुणाला विचारत नाही. चिखलात पाय सुजतातच, हे आम्हाला आईच्या दुधासोबत शिकवलेलं.

माझे पाय इतरांपेक्षा जास्त सुजले होते. पण ते चिखलाखाली होते. घोट्यापर्यंत, पोटरीपर्यंत चिखल. घरी आल्यावर अंधारात धुवायची आणि पडायची. सकाळी पुन्हा चिखल. चप्पल पायात शिरेना तेव्हा मी मायला म्हटलं, "माय, चप्पल जाऊन नाई राहिली पायात."

मायनं पाय पाहिले. एवढी बाळंतपणं केलेली बाई. "रोवणीचं हाय व बाई," म्हणाली. "रोवणी सरली का उतरते." तिनं कडुलिंबाच्या पाण्यात पाय ठेवायला लावले. तिची काही लबाडी नव्हती. तिनं जन्मभर दर पावसाळ्यात सुजलेलेच पाय पाहिले होते. न सुजलेले पाय पाहायची तिला सवय नव्हती.

मग डोकं दुखायला लागलं. बांधीत वाकलं की डोळ्यांपुढं ठिणग्या. एकदा मी पऱ्ह्यांवरच बसले. पाटलीणबाई धुऱ्यावर छत्री घेऊन उभी होती. "काऊन बसली व?"

"डोसका दुखते, बाई. गरगर होऊन राहिलं."

"आमाले का लेकरं नाई झाले? तुह्या मायलेच विचार, किती झाले ते. नाटकं नोको करू, पाऊस येऊन राहिला."

मी उठले. पण दुपारी कुणाला न सांगता उपकेंद्रात गेले. उपकेंद्र म्हणजे गावाच्या टोकाला दोन खोल्या आणि एक सिस्टर. मी तशीच बांधीतून गेले होते. सिस्टर दारातच ओरडली, "अगं, पाय! आत्ता फरशी पुसली मी!" मी पाय मागं घेतले, पण दोन पावलं उमटून गेली होती. तिनं कोपऱ्यातलं पोतं दाखवलं. "पूस आधी ते. मग बोल."

मी पुसलं. पोट घेऊन वाकायचं, हातानं फरशी पुसायची, वर पुन्हा माझ्याच पायांचा चिखल पडायचा. मग ती म्हणाली, बाहेर हातपंपावर पाय धुऊन ये. मी पंपावर गेले. पंप हापसायला दम पुरत नव्हता. पाय धुऊन आले तर दाराला कुलूप. तिची गाडी गेली होती, ती मीटिंगला निघून गेली. मी पायरीवर बसले. पाय पहिल्यांदा दिवसाच्या उजेडात, स्वच्छ, माझ्यासमोर होते. पिकल्या पपईसारखे फुगलेले, चकचकीत. पाहायला दुसरं कुणी नव्हतं.

पुढच्या आठवड्यात नजर अंधुक झाली. मायनं आता ओळखलं, हे रोवणीचं नाही. आम्ही काळीपिवळी जीपनं तालुक्याच्या दवाखान्यात गेलो, तिथून त्यांनी गोंदियाला पाठवलं. तिथं तो अंगठा.

डॉक्टरांची फेरी झाल्यावर दुपारी मला झटके आले. मला आठवत नाही. मायनं सांगितलं, जीभ चावली होती, तोंडातून रक्त आलं होतं. शुद्धीवर आले तेव्हा पोट रिकामं होतं. पोरगा होता. रडलाच नाही. आत आधीच गेला होता. सकाळी मला जे सांगायचं होतं ते खरं होतं.

मायनं तोंडाला पदर लावून तिथल्या आयेला विचारलं, "वार देता का, बाई? पुरतो आम्ही."

एक शिकाऊ पोरगा हातमोजे काढत होता. त्याला गंमत वाटली. "काय करणार घेऊन? शिजवणार का?"

कुणी तरी हसलं. आयेनं बादलीवर झाकण टाकलं. आणि माझी माय, जिनं अख्ख्या गावाची वार पुरली, दगड ठेवले, तिला स्वतःच्या नातवाची वार दिसलीसुद्धा नाही. तिनं पुन्हा हात जोडले. "नाई नाई, साहेब, राहू द्या." मी डोळे मिटून पडले होते. मला सगळं ऐकू येत होतं.

गावात परतल्यावर गोष्ट आमच्याआधी पोचली होती. पाटलीणबाई भेटायला आली नाही. तिनं निरोप पाठवला. "इतक्या लोकायची वार पुरली तुह्या मायनं. एखादीची भोवली असंन पोरीले."

ती पुरलेली वार तिच्याच पोरांची होती. तिच्या न्हाणीत, तिच्या दगडाखाली. ती तिला भोवली नाही, तिची पोरं गोंदियाला इंग्रजी शाळेत गेली. भोवली ती मला. मला राग आला. पण मायला राग आला नाही. मायला ते पटलं. हे सगळ्यात वाईट होतं. तिनं नाळ कापायची विळी धुऊन छपराच्या वाशात खोचून ठेवली आणि सुईणपण सोडलं. बोलावणं आलं तर म्हणायची, "माह्या हाताले आता नाई जमत." मी जेवत असले की तिची नजर माझ्या पोटावर असायची आणि मग स्वतःच्या हातांवर. आम्ही दोघी एका घरात राहायचो आणि त्या हातांबद्दल कधी बोललो नाही.

काही वर्षांनी पुन्हा दिवस गेले. या वेळी मी ठरवलं, त्यांना बोट दाखवायला जागाच ठेवायची नाही. नवरा जादा पाळ्या करायचा. मी डाळ खाल्ली. अंडी खाल्ली. भिजवलेले हरभरे, तळ्यातली मासोळी, जे जे प्रोटीन म्हणून सांगतात ते सगळं खाल्लं. पेज बंद. रोवणीला गेले नाही, चिखलात पाय घातला नाही. बाया म्हणायच्या, "महारानी झाली." झाले महारानी. दर महिन्याला तालुक्याच्या दवाखान्यात गेले.

आणि पाय पुन्हा सुजले. कोरडे, स्वच्छ, चप्पल घातलेले पाय.

तालुक्याला त्या वर्षी एक तरुण डॉक्टरीणबाई आली होती. तिनं दंडाला बीपीचा पट्टा बांधला, फुगवला, उतरवला. पुन्हा फुगवला. मग कानातली नळी काढून ती माझ्याकडं बघत राहिली. माझ्या तोंडाकडं. मी तिला म्हटलं, "मॅडम, मी डाळ खाल्ली. रोज खाल्ली. अंडेबी. तरी काऊन?"

मला रडू आलं. मी त्या पोरासाठी रडले नव्हते तेवढी त्या डाळीसाठी रडले.

तिनं खुर्ची ओढली. "तुझी आई सुईण होती ना? मग वार पाहिली असशील तू."

"लय."

"वार रुजावी लागते. तिला आत रक्ताच्या नळ्या फुटाव्या लागतात. त्या फुटाव्यात म्हणून अंगात एक प्रोटीन असतं, ते नळ्यांना वाढवतं. खाण्यातलं नाही. अंगच ते तयार करतं. पण काही बायांची वार नीट रुजत नाही, आणि मग ती वारच दुसरं एक प्रोटीन जास्त सोडायला लागते. हे दुसरं त्या पहिल्याला धरून ठेवतं. सोडतच नाही. मग नळ्या वाढायच्या थांबतात. लेकराला रक्त कमी पडतं. तुझ्या अंगातल्या नळ्याही आवळतात, म्हणून बीपी चढतं, म्हणून पाय सुजतात, म्हणून लघवीतून प्रोटीन गळतं."

"मंग डाळीनं काई नाई होत?"

"डाळ खा. चांगलीच आहे. पण डाळ खाल्ली नाही म्हणून हे झालं नव्हतं."

"चिखलानं?"

"नाही."

मला तिसरा प्रश्न विचारायचा होता. शेवटी विचारला. "लोकायची वार पुरली मायनं. त्यानं?"

ती हसली नाही. "नाही. तुझ्याच वारेचं आहे ते. दुसऱ्या कुणाचं नाही."

"मंग आता त्याले सोडवता नाई येत? ते धरून ठेवलेलं?"

"अजून कुणालाच येत नाही. का होतं तेही पुरतं माहीत नाही कुणाला. परदेशात रक्त तपासून ही प्रोटीनं मोजतात, आपल्याकडं मोठ्या शहरांत होत असेल. इथं नाही. माझ्याकडं हा पट्टा आहे. बीपी वेळेवर कळलं तर गोळ्या देता येतात, झटके टाळता येतात, लेकरू वेळेत बाहेर काढता येतं. कधी वाचतं."

कधी. म्हणजे कधी नाही. मला ते समजलं. पण दुसरंही काही समजलं आणि ते डोक्यात खिळ्यासारखं बसलं. जे मला झालं ते पट्टा बांधून कळतं. उपकेंद्राच्या त्या दोन खोल्यांत तो पट्टा होता. माझ्या आणि त्या पट्ट्याच्या मध्ये फक्त एक पुसलेली फरशी होती.

पेजेनं नाही. चिखलानं नाही. जातीनं नाही, शापानं नाही. आणि इतकी वर्षं मला त्यातल्या प्रत्येकाची लाज वाटायला लावली होती. शिकलेल्यांनी पेजेची आणि न शिकलेल्यांनी शापाची. दोघांचं माझ्याबद्दल एकमत होतं.

डॉक्टरीणबाईनं गोळ्या दिल्या, दर आठवड्याला बोलावलं. मग तिची बदली झाली. बीपी गोळ्यांना ऐकेना तेव्हा तिच्या जागी आलेल्या डॉक्टरनं मला गोंदियाला पाठवलं.

तोच दवाखाना. तोच वॉर्ड, नवीन रंग मारलेला. आणि सकाळच्या फेरीला तेच डॉक्टर, केस पांढरे झालेले. मागं नवीन पोरंपोरी. त्यांनी मला ओळखलं नाही. का ओळखावं? त्यांनी माझी फक्त नडगी पाहिली होती. त्यांचा हात साडीकडं आला, अंगठा पुढं झाला.

मी पाय ओढून घेतला.

"पैर सीधा कर."

"पयले विचारा."

"क्या?"

"पाय माहा हाय. पाह्याचा असंन त पयले विचारा. आन् मंग सांगा, काय दिसलं ते. पोरायले नाई. मले सांगा."

माय माझ्या मागं खाट धरून उभी होती, तिनं माझा खांदा दाबला. ती हात जोडायला निघाली, ते मी पाहिलं. मी तिचे दोन्ही हात धरले आणि खाली केले. हे मी तिला न विचारता केलं.

डॉक्टरांनी मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. आता पाहिलं. "भात खाके इतनी गर्मी?" मग पोरांना म्हणाले, "चलो, आगे. यांना आपली गरजच नाही."

ते गेले. लाज त्यांना वाटली नाही. वाटेल असं मला वाटलंही नव्हतं. त्या दिवशी माझ्या खाटेकडं संध्याकाळपर्यंत कुणी डॉक्टर फिरकला नाही. सिस्टर सलाइन लावून गेली, तेवढंच. नाही म्हणायची किंमत असते, ती त्यांनी लगेच वसूल केली. पण पोटात हलत होतं. मी तिथल्या एका शिकाऊ पोरीला, जी मागं रेंगाळली होती, स्पष्ट सांगितलं, "हलून राहिलं हाय. बंद झालं त मी ओरडीन. साऱ्या दवाखान्याले आयकू जाईन." ती मान हलवून गेली आणि थोड्या वेळानं पट्टा घेऊन आली. तिनं विचारलं, "बांधू?" मी हात पुढं केला.

दुसऱ्या दिवशी पोट चिरून लेकरू काढलं. पोरगी. मायच्या तळहाताहून थोडी मोठी. रडली. मी तिचं रडणं ऐकलं, ते अजून ऐकते. ती दुसऱ्या दुपारपर्यंत काचेच्या पेटीत होती. मग नव्हती.

मी इथं धीराचे शब्द लिहिणार नाही. ती वाचली नाही. मी सगळं बरोबर केलं होतं आणि ती वाचली नाही.

चिरून काढलं त्याच वेळी मी एक गोष्ट केली होती. मला अर्धवट भूल होती, कमरेखाली. मी आयेला म्हटलं, "वार फेकजो नोको. मायले दाखवजो. पाह्याची हाय आमाले." आया काही तरी पुटपुटली. मी पुन्हा म्हटलं, मोठ्यानं. शेवटी तिनं ट्रे दारापाशी नेला. माय दारात उभी होती.

मायनं पाहिली. माय कितीकांची वार पाहिलेली बाई. नंतर तिनं मला सांगितलं, ती वार एवढीशी होती, बशीएवढी. आणि जागोजागी पांढरी, टणक, जळाल्यासारखी. "हे रुजलीच नाई व," माय म्हणाली. "पिवळं पऱ्हं राह्यते ना बांधीत, तसं. हे आपल्या जाग्यालेच रुजली नाई."

ती खाटेच्या कडेवर बसली. जमिनीवर नाही, कडेवर. खूप वेळ स्वतःचे हात पाहत राहिली. मग म्हणाली, "मंग माह्या हाताचं नोहोतं?"

"नोहोतं, माय."

"आन् म्या इतले साल..." माझी माय रडली. माझी पोरगी गेली त्याच आठवड्यात माझ्या मायचे हात तिला परत मिळाले. याला नफा म्हणायचं की काय म्हणायचं ते मला कळत नाही. मी म्हणत नाही.

मला पुन्हा लेकरू झालं नाही. होऊ दिलं नाही. ते धरून ठेवणारं प्रोटीन आजही कुणाला सोडवता येत नाही, आणि ज्या शहरात ते मोजतात ते शहर आमच्यापासून लांबच आहे.

पण रोवणी दर वर्षी लागते. दर वर्षी दोघीतिघी पोटुशा बाया चिखलात उतरतात, कारण न उतरून चालत नाही. दुपारी मी त्यांना बांधीतून वर काढते. पाटलीणबाई छत्रीखालून ओरडते, "काऊन नेऊन राहिली व बायायले?" पऱ्हे तिथंच टाकतो आणि आम्ही चिखलाच्या पायांनी उपकेंद्रात जातो.

सिस्टर नवी आहे, फरशी तीच आहे. "पाय धुऊन या बाहेरून! आत्ता पुसली आहे."

"हाव, धुतो ना. इथंच धुतो."

मी पाण्याची गुंडी भरून नेलेली असते. तिच्या पायरीवर, तिच्या डोळ्यांसमोर एकेकीचे पाय धुते. चिखल खाली उतरतो आणि पाय वर येतात. जिची सूज जास्त ती दिसते. आता ती पाहायला सिस्टर समोर आहे, आणि तिला तोंड फिरवता येत नाही. मी बाईला आधी विचारते, "दाबू का व?" ती हो म्हणाली तर अंगठा दाबते. उचलते. सिस्टरला म्हणते, "पाहा. आता पट्टा बांधा."

कधी ती बांधते. कधी म्हणते मशीन बिघडली. मागच्या पावसाळ्यात बिघडली होती, आम्ही दवाखान्याची गाडी येईपर्यंत पायरी अडवून बसलो. बाई वाचली. लेकरू नाही वाचलं. तिच्या सासूनं मला विचारलं, "मंग काय फायदा झाला तुहा?" मी तिला सांगितलं, "बाई जिती हाय." आम्ही हरतो. बहुतेक वेळा हरतो. ज्यानं हरतो त्याला हात लावता येत नाही, हे मला ठाऊक आहे. पण पट्ट्याला हात लावता येतो. तो भिंतीवर टांगलेला असतो आणि मी तो पाहू शकते.

पायरीवरून चिखलाचं पाणी आत फरशीवर जातं. सिस्टर पोतं दाखवते. "हे पुसणार कोण?"

मी पोत्याकडं पाहते आणि बसून राहते. एकदा पुसलं होतं. आता पुसणार नाही.